किराण्याच्या यादीत नसलेला खर्च

सोलापुरातल्याच एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची चिठ्ठी मोठी होती, मी थोडक्यात मांडतो. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, स्वतः घरी शिवणकाम, सासूबाईंना बीपी आणि शुगर, दोन शाळकरी मुलं. "किराणा कमी करत करत आता दूध अर्ध्यावर आणलं, भाजी एक दिवसाआड. तरी पंचवीस तारखेला उसनवारी. सासूबाईंसाठी एका ठिकाणी आहाराचा तक्ता दिलाय, त्यात ओट्स, ऑलिव्ह तेल, बदाम. एवढ्या पैशांत तब्येत कशी सांभाळायची? रोजच्या छोट्या छोट्या सवयी सांगा, खर्च न वाढवता."

ताई, मी पूर्व भागात पंचवीसहून जास्त वर्षं दवाखाना चालवतो. यंत्रमागवाले, विडी वळणाऱ्या बाया, रिक्षावाले हेच माझे पेशंट, त्यामुळे तुमचं घर मला न बघताही ओळखीचं वाटलं. तो तक्ता बाजूला ठेवा. आणि आधी एक सांगतो, जरा उलटं वाटेल: तुम्ही चुकीच्या ठिकाणी काटकसर करताय. दूध आणि भाजी किराण्याच्या यादीत दिसतात, म्हणून त्यांच्यावर कात्री चालते. पैसा गळतो तो यादीत कधी लिहिलाच जात नाही अशा गोष्टींत. गंमत म्हणजे तब्येतही बहुतेक वेळा तिथंच बिघडते.

पहिलं नाव माव्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीचं. तुमच्या घरात आहे की नाही, चिठ्ठीत लिहिलेलं नाही. पण मी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "कुठं खायलालो डाक्टर, कवातरी एखादी पुडी." आणि बोलताना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत असतो. हिशोब आपण करू, भाव तुमच्या गल्लीतला घाला. समजा पुडी वीस रुपयांची आणि दिवसाला चार. दिवसाचे 80, महिन्याचे 2400, वर्षाचे 28,800. तुम्ही अर्धा लिटर दूध कमी करून महिन्याला फार तर हजाराच्या आत वाचवलेत, तेही मुलांच्या तोंडचे. सुपारी आणि तंबाखू दोन्हींमुळे तोंडाचा कॅन्सर होतो, त्यात तंबाखू नसलेली सुपारीही आली. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तिखट लागताच आग होत असेल, पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, तर दंतवैद्याकडं त्याच आठवड्यात जायचं. घरी तपासायची सोपी खूण म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघणं. सोडवण्यासाठी भांडण करून फार उपयोग होत नाही, हे मी पाहिलंय. कारखान्यातली पाळी सुरू होताना तोंडात काहीतरी लागतं, त्या वेळेला खिशात बडीशेप, लवंग, भाजलेले हरभरे असले की दहा मिनिटं निघतात, आणि तलफ तेवढीच असते. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, त्यावर बोलायला लावा.

दुसरा गळका नळ आमच्याच धंद्यातला, म्हणजे ताकदीची सलाईन. थकवा आला, लावा सलाईन. सुरुवातीच्या वर्षांत मीही लावल्यात, खोटं कशाला सांगू. पेशंटला बरं वाटतं, डॉक्टरला पैसे मिळतात, सगळे खूश. पण त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असतं काय? पाच टक्के ग्लुकोज म्हणजे 25 ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे साखर. एका केळ्याएवढी ताकद. मिठाची बाटली असेल तर साडेचार ग्रॅम मीठ. जुलाब-उलट्यांनी पेशंट गळून गेला असेल, तोंडानं पाणी टिकत नसेल, तर हीच बाटली जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही. पण बाजारातून दमून आलेल्या माणसाला ती लावणं म्हणजे केळ्याचे काहीशे रुपये मोजणं. टॉनिकच्या बाटल्या, मुलांची उंची वाढवणारे पावडरचे डबे, सगळं त्याच माळेतलं.

इथंच शेंगदाण्याचं सांगतो, कारण तक्त्यातल्या बदामावर माझा राग आहे. शंभर ग्रॅम बदामात साधारण 21 ग्रॅम प्रथिनं, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 25 च्या आसपास. शेंगा-चटणीच्या गावात राहून आपण बदाम भिजत घालतो! मूठभर भाजलेले दाणे रोज प्रत्येकाला द्या, मुलांना गुळाच्या खड्याबरोबर चालतील. चटणी खा, फक्त त्यातलं मीठ जपून, सासूबाईंना तर कमी मिठाची वेगळी कुटून ठेवा. बुरशी लागलेले, कडवट झालेले दाणे मात्र निवडून टाका, स्वस्त मिळाले म्हणून आणू नका. त्या बुरशीचं विष यकृताला लागतं आणि भाजूनही पूर्ण जात नाही.

तसंच हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं. आमच्या आजीकडं थंडीत आठवड्यातून दोनदा हुलग्याचं माडगं नाहीतर शेंगोळे व्हायचे. आता पेशंटला हुलगे खा म्हटलं की तो हसतो, गरिबाचं खाणं म्हणून. त्यात बावीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आहेत, तूरडाळीएवढीच. रात्री भिजत घालायचे, सकाळी कुकरला लावायचे. कडधान्य भिजवलं की सिलिंडरमधला गॅस वाचतो आणि पोटातला कमी होतो, असं मी पेशंटना सांगतो. विनोद म्हणून हसतात, पण दोन्ही खरं आहे. फक्त भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं.

आता ज्वारी. सोलापूरच्या माणसाला ज्वारीबद्दल बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडीच्या भाकरीला जगात तोड नाही, हे सगळं मान्य. पण "ज्वारीनं शुगर वाढत नाही" हे साफ चूक. शुगर सगळ्याच धान्यानं वाढते. चपाती बंद केली म्हणून तीन-तीन भाकरी खाणाऱ्या आज्ज्या माझ्याकडं रोज येतात, आणि रिपोर्ट बघून ज्वारीवर रुसतात. सासूबाईंना एका वेळी एक मध्यम भाकरी, फार तर दीड. ताटातला अर्धा भाग भाजीचा, पाव भाग डाळ-उसळीचा. आणि ज्वारी आता गव्हापेक्षा महाग पडते हेही खरं आहे. तुमच्याकडं रेशनचा गहू येत असेल तर तो विकून ज्वारी आणायची काही गरज नाही. पीठ चाळून कोंडा टाकू नका, एवढं केलंत तरी चपाती आणि भाकरीत तंतूंचा फार फरक उरत नाही. ज्वारी घ्यायचीच असेल तर नवी रब्बी बाजारात येते तेव्हा, फेब्रुवारीनंतर, दोन-तीन घरांनी मिळून पोतं घ्या. कडक उन्हात वाळवून कोरड्या डब्यात भरा.

भाजी एक दिवसाआड करू नका. हे मी विनवणी म्हणून सांगतो. पैसे वाचवायचे तर भाजीची जात बदला, दिवस नका बदलू. फ्लॉवर-ढोबळीऐवजी शेपू, चुका, अंबाडी, राजगिरा. संध्याकाळी उशिरा मंडईत गेलात तर पेंढी निम्म्या भावात मिळते, जरा कोमेजलेली असते, पण गरगट्ट्याला काय फरक पडतो? शेवग्याचं झाड ज्या गल्लीत आहे त्या गल्लीत पाला फुकट.

स्वयंपाकघरात खरंच पैसा वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तेल. माणशी दिवसाला चार छोटे चमचे, म्हणजे 20 ग्रॅम, हे रोजच्या स्वयंपाकाला पुरे. पाच माणसांचं महिन्याला तीन किलो, लिटरमध्ये सव्वातीन-साडेतीन. बहुतेक घरात पाच लागतं, कारण पिशवीतून सरळ कढईत ओतलं जातं आणि सोलापुरी रश्शावर तवंग नसला की भाजी झाली असं वाटत नाही. एक तारखेला महिन्याचं तेल वेगळ्या डब्यात काढा आणि चमच्यानंच घ्या. पहिले दोन आठवडे घरात कुरकुर होईल. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तळणीला वापरू नका, उरलेलं दोन दिवसांत फोडणीला संपवा.

मिठाची परीक्षा तर आणखी सोपी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. पाच जणांचं महिन्याला 750 ग्रॅम. तुमच्याकडं किलोची पिशवी महिन्याच्या आत संपत असेल तर सासूबाईंची एक गोळी त्या पिशवीशीच भांडतेय असं समजा. ताटात वरून मीठ वाढणं बंद करा, कणकेत आणि भातात मीठ घालू नका. जिभेला तीन-चार आठवड्यांत सवय होते. साखरेचं मी वेगळं सांगत नाही. चहा कमी करा हे सासूबाईंना सगळ्यांनी सांगून झालंय. एक मात्र, उपवासाला साबुदाणा बंद. एकादशी अन् दुप्पट खाशी असं होतं, आणि शुगरवाल्याला साबुदाणा म्हणजे साखरच. शुगरच्या गोळ्या चालू असताना निरंकार उपवास तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो.

गोळ्यांवर जरा थांबतो, कारण सर्वात महागडी काटकसर मी इथं पाहिली आहे. महिनाअखेर पैसे संपले की म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या आधी बंद होतात. "बरं वाटतंय, मग कशाला?" बीपीला काही वाटत नाही, हीच तर त्याची खोडी. डोकं दुखलं तर बीपी, नाही दुखलं तर नाही, असं काही नसतं. माझ्या स्वतःच्या वडिलांनी मला न सांगता चार महिने गोळी एक दिवसाआड केली होती, मुलाचे पैसे वाचावेत म्हणून. मुलगा डॉक्टर, गोळ्या घरात, तरी. एका पहाटे त्यांचा उजवा हात उचलेना. पुढं अडीच वर्षं ते बोलताना शब्द शोधत राहिले. त्या एका रात्रीच्या दवाखान्याच्या बिलात पंधरा-वीस वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या.

गोळ्या स्वस्त करता येतात, बंद करायच्या नसतात. जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपीन यांसारख्या रोजच्या गोळ्या नावाजलेल्या कंपन्यांच्या तुलनेत पन्नास ते ऐंशी टक्के स्वस्त मिळतात. जाताना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून मागा, आणि आणलेली पट्टी एकदा डॉक्टरांना दाखवा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातही बीपी-शुगर तपासून गोळ्या मिळतात. रांग असते, पण रांगेला पैसे पडत नाहीत. याशिवाय सासूबाई गुडघ्यासाठी दुकानातून सुट्या गोळ्या आणून खातात का, ते गुपचूप बघा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या रोज खाल्ल्या की बीपी वाढतं आणि आधीच शुगरनं दमलेली किडनी आणखी खराब होते. किडनी निकामी झाली की डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं. गुडघ्याला शेक आणि खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजण्याचा व्यायाम, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीतल्या गल्लीत फेऱ्या, म्हणजे शुगरलाही बरं. कंबर तलावापर्यंत जायची गरज नाही.

आता पाणी. बाहेरगावच्या माणसाला हे कळणार नाही, पण आपल्याकडं नळाला पाणी कित्येक वर्षं काही दिवसांआडच येतंय. त्यामुळं पाणी येणारा दिवस हा सणच. आणि त्या दिवशी पहिलं काम काय, तर आधीचं "शिळं" पाणी गटारीत ओतून देणं. पाणी भाकरीसारखं शिळं होत नाही. झाकण घट्ट असेल आणि दांड्याच्या ओगराळ्यानं काढत असाल, तर चार-पाच दिवसांचं पाणी चांगलं राहतं. पाणी बिघडतं ते आत बुडालेल्या हातानं. पिण्याचं पाणी गाळून, आरोग्य खात्याचं क्लोरिनचं औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणं घालून अर्धा तास ठेवा, नाहीतर उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळा. एवढं करणाऱ्या घरानं थंडगार जार विकत घ्यायला माझी काही हरकत नाही, पण गरजही नाही. ते थंड असतं म्हणून शुद्ध वाटतं, एवढंच.

मात्र वापरायच्या पाण्याचे बॅरल, हौद, कूलर यांचं उलट. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक बॅरल तळापर्यंत रिकामं व्हायला हवं. पाणी संपत आलं की, नवं यायच्या आत. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. काथ्यानं आतून घासा. तोंडाला जुनं धोतर किंवा साडीचा तुकडा दोरीनं आवळून बांधा. मागच्या काही पावसाळ्यांत डेंगीनं माझ्या पेशंटच्या घरांत पंधरा-वीस हजारांचे खड्डे पडले आहेत.

उन्हाळ्यात जुलाब झाले की दवाखान्याआधी ओआरएस. एका लिटर पाण्यात लिटरचं एक पूर्ण पाकीट, अर्धं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मुलांना त्यासोबत झिंकच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं चौदा दिवस. खोक्यात मिळणारी गोड फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या साखरेनं जुलाब वाढतात. कारखान्यात मागाजवळ उभं राहणाऱ्या तुमच्या यजमानांसाठी सकाळी पातळ ताक किंवा आंबिलाची बाटली भरून द्या. लघवी गडद पिवळी होतेय का, हे त्यांचं त्यांनीच बघायचं. उन्हाळ्यात माझ्याकडं येणाऱ्या मुतखड्यांत कारखान्यातली तरणी पोरं बरीच असतात.

एक काम करून बघा. या महिन्यात मुलांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर फक्त किराण्यात नसलेला खर्च लिहा: पुड्या, कोपऱ्यावरचा चहा, वडापाव, जार, सलाईन, टॉनिक, उशिरा भरलेल्या बिलाचा दंड. नावं लिहू नका, नाहीतर वही चुलीत जाईल. आकडे लिहा. महिनाअखेर ती बेरीज घरात सगळ्यांसमोर ठेवा, त्यावर भाष्य करू नका.

आता शेवटचं, तुमच्याबद्दल. चिठ्ठीत सासूबाई आल्या, यजमान आले, मुलं आली, तुमचं एक वाक्य नाही. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी जेवत असाल, आणि तोवर भाजी संपलेली असते, उरतो तो रस्सा आणि चहा. जेवणावर लगेच चहा घेतला की भाजी-डाळीतलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. पालेभाजीवर अर्धं लिंबू पिळा, लोखंडी कढईत भाजी करा, याला पैसे पडत नाहीत. मिश्री लावत असाल तर तीही तंबाखूच आहे, दात घासण्याचं साधन नाही. अनेक बाया ती मला नर्सबाईंमार्फत सांगतात, तुम्ही थेट सांगितलीत तरी मी काही बोलणार नाही, फक्त सोडायला मदत करीन.

आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं. बाईचं 12 च्या वर असावं. खाली आलं तर लोहाच्या गोळ्या तिथंच मिळतील. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभरानं घ्या, चहा-दुधाबरोबर नको. शौचाला काळी होईल, ती गोळीमुळं, घाबरून बंद करू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी पुढं तीन महिने चालू ठेवायच्या.